धागा: एकच लॉट, एकच फर्नेस, तरी एक झिओलाइट बसला आणि दुसरा उभा राहिला. असं कसं?

मकरपुरा_लॅबवाला:
नमस्कार मंडळी. धागा जरा केमिस्ट्रीचा आहे पण बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांत कोणी ना कोणी रिफायनरीत, खतात नाहीतर पेट्रोकेमिकलमध्ये होतं किंवा आहे, म्हणून इथेच टाकतो.

मी एका छोट्या कंपनीच्या लॅबमध्ये आहे, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला. कॅटॅलिस्टची, म्हणजे रासायनिक क्रिया वेगात घडवणाऱ्या पावडरींची, सँपलं बनवून गिऱ्हाइकांना देतो. जूनमध्ये सोडियम वाय झिओलाइटची एक बॅग आली, ८० डिग्रीला अमोनियम सल्फेटच्या पाण्यात तीनदा एक्स्चेंज केलं, म्हणजे सोडियम काढून त्याजागी अमोनियम घातला, धुतलं, ११० ला सुकवलं आणि लॉटचे दोन भाग केले. सीनियरनी सांगितलं ५५० डिग्री, चार तास, मिनिटाला दोन डिग्रीने चढवायचं. पहिला भाग मी स्वतः केला, कॉलेजात शिकवतात तसा पसरट डिशमध्ये पातळ थर देऊन. दुसऱ्या भागाच्या दिवशी मी रजेवर होतो, आमच्या हेल्परने तो केला. त्याने काय केलं, उंच क्रुसिबल घेतलं, काठोकाठ दाबून भरलं, वर झाकण ठेवलं आणि तेच प्रोग्रॅम लावून निघून गेला. दोन्ही पांढऱ्या पावडरी, डोळ्यांना काही फरक नाही.

तीन आठवड्यांनी दोन्ही बाहेर एक्सआरडीला पाठवली, एक्स-रे मारून स्फटिक शाबूत आहे का ते ग्राफवरच्या सुळक्यांवरून, म्हणजे पीकवरून, बघतात ती टेस्ट. माझी पहिली बॅच पार बसलेली, पीक खाली आलेत, मधे अमॉर्फसचा, म्हणजे स्फटिक मोडल्याचा, फुगवटा, सरफेस एरिया जवळजवळ निम्मा. हेल्परची बॅच कडक, पीक धारदार, पण सगळे पीक उजवीकडे सरकलेत. जो पीक २३.६३ डिग्रीच्या कोनाला असायला हवा तो २३.७५ ला.

सीनियरचं म्हणणं, सरकलेली बॅच बिघडलेली आहे, रिजेक्ट कर, आणि पहिली बसली ती मी धुवायला चुकलो म्हणून. हे त्यांनी रजिस्टरमध्ये लाल पेनाने लिहिलंय. माझं डोकं चालेनासं झालंय. मी नीट केलेलं मेलं आणि वेंधळेपणाने केलेलं जगलं?

शेवउसळ_प्रेमी:
वाचतोय. काही कळलं नाही पण रहस्यकथा वाटतेय.

शंकासुर:
पीक सरकला म्हणून लगेच उड्या मारू नका. होल्डरमध्ये पावडर जरा वर-खाली भरली तरी पीक सरकतात, त्या बाहेरच्या लॅबवाल्यांना घाई असते. सँपलमध्ये थोडी सिलिकॉन पावडर मिसळून परत घ्या, तिचा पीक २८.४४ ला यायला हवा, तो जागेवर आणि तुमचा सरकलेला असेल तरच बोला.

मकरपुरा_लॅबवाला:
@शंकासुर, हे सुचलंच नव्हतं. उद्याच पाठवतो.

खडूवाली_ताई:
मी कॅटॅलिसिस शिकवते, त्यामुळे हात शिवशिवले. सिलिकॉनचा सल्ला बरोबर आहे, तो रिझल्ट येईपर्यंत ज्यांना झिओलाइट म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं लिहिते, मग लॅबवाल्याच्या भानगडीकडे येऊ.

झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा सांगाडा. प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, चौफुलीसारखे, आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन शेजाऱ्यांत वाटून घेतलेला. मधेमधे सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतो. सिलिकॉनचा भार चार, ॲल्युमिनियमचा तीन, म्हणजे जिथे जिथे ॲल्युमिनियम तिथे एक ऋण भार उरतो आणि तो फेडायला सोडियम येऊन बसतो. सोडियम काढून त्याजागी अमोनियम घातला आणि तापवला की अमोनिया उडून जातो, मागे प्रोटॉन उरतो. तो प्रोटॉन म्हणजेच ॲसिड, सगळी कॅटॅलिसिसची कमाई त्याच्यावर. दोन ॲल्युमिनियम मात्र शेजारी-शेजारी बसत नाहीत, भाऊबंदकी म्हणा. त्याला लोवेनस्टाइनचा नियम म्हणतात.

आता वाय झिओलाइट. आपलं जुनं बडोदं डोळ्यासमोर आणा. मधे मांडवी आणि चार दिशांना चार दरवाजे, लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट. वाय मधला मोठा पिंजरा अगदी तसा, मधे साधारण १३ अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग) पोकळी आणि बाहेर पडायला चार खिडक्या, प्रत्येक ७.४ अँगस्ट्रॉमची. फक्त इथे खिडक्या सपाट जमिनीवर नाहीत, चौफलकाच्या चार तोंडांसारख्या आहेत. प्रत्येक खिडकीतून पुढच्या मांडवीत. झेडएसएम-५ हा झिओलाइट वेगळा, त्यात मांडवी नाहीच, नुसत्या पोळी म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्या, एक सरळ गल्ली आणि तिला छेदणारी नागमोडी, दोन्ही साडेपाच अँगस्ट्रॉमच्या आसपास. त्यामुळे झायलीनच्या तीन भावांपैकी सडपातळ पॅराझायलीन त्यातून सरकन निघतो आणि रुंद ऑर्थो, मेटा अडकून बसतात, लग्नाच्या वरातीत हत्ती पोळीत घुसवल्यासारखे.

लॅबवाल्या, एक प्रश्न. पहिली बॅच एक्सआरडीला जाईपर्यंत तीन आठवडे कशात ठेवली होती?

मकरपुरा_लॅबवाला:
ताई, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत. गाठ मारून. टेबलावर.

खडूवाली_ताई:
जुलैत. बडोद्यात. गाठ मारून. कळलं.

मगर_विश्वामित्रीची:
आमच्या नदीत आम्ही बसतो तसा त्यांचा झिओलाइट बसला म्हणायचा.

निवृत्त_रायझर:
ताईंचा रोख माझ्या लक्षात आला पण त्यांनाच सांगू दे. मी आयुष्य रिफायनरीच्या एफसीसी युनिटवर, म्हणजे जड तेल तोडून पेट्रोल करतात तिथे, काढलंय, माझ्या बाजूने सांगतो.

लोकांना वाटतं कॅटॅलिस्ट म्हणजे आत जातो, काम करतो, तसाच बाहेर येतो. अहो कसलं. एफसीसीचा कॅटॅलिस्ट म्हणजे रांगोळीहून बारीक पावडर, सरासरी ७० मायक्रॉनचे गोल कण, हवा दिली की पाण्यासारखी वाहते. कणात सगळा झिओलाइट नसतो, थोडा झिओलाइट आणि बाकी माती, ॲल्युमिना, बाइंडर. रायझर म्हणजे उभ्या पाइपमध्ये ५३० डिग्रीच्या आसपास तेलाची वाफ त्याच्यासोबत दोन-तीन सेकंदांत वर जाते, तेवढ्यात तेल तुटून पेट्रोल, गॅस होतं आणि कणावर कोक बसून तो काळा पडतो. मग तो रीजनरेटरला जातो, तिथे ७०० डिग्रीला कोक जळतो. आता कोकमध्ये हायड्रोजन असतो, जळला की पाणी झालं, म्हणजे ७०० डिग्रीची वाफ. ही वाफच खरी वैरी, सांगाड्यातला ॲल्युमिनियम उपटून काढते. पुन्हा रायझर, पुन्हा रीजनरेटर, दिवसात शेकडो फेऱ्या. म्हणून रोज थोडा नवा कॅटॅलिस्ट टाकायचा आणि थोडा जुना काढायचा, त्या खिचडीला ई-कॅट म्हणतात. आठवड्याला ई-कॅटचा रिपोर्ट यायचा आणि मी पहिल्यांदा युनिट सेलचा, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सगळ्यात छोट्या ठोकळ्याच्या लांबीचा, आकडाच बघायचो. नवा माल २४.५ च्या वर आणि मुरलेला ई-कॅट २४.२-२४.३ अँगस्ट्रॉम. सेल आकसला म्हणजे ॲल्युमिनियम बाहेर आलाय. आकसला म्हणजे बिघडला असं नाही बरं का लॅबवाले भाऊ, तुमच्या साहेबांना हे सांगा. न आकसता उभा राहिलेला वाय आमच्या रीजनरेटरमध्ये एक दिवस टिकला नसता.

शंकासुर:
काका, मग नुसता वाफेनेच मरतो की आणखी काही?

निवृत्त_रायझर:
आणखी खूप. जड तेलात निकेल आणि व्हॅनेडियम येतात. निकेल सांगाड्याला हात लावत नाही, पण त्याच्यावर हायड्रोजन आणि कोक फार बनतो, कॉम्प्रेसर बोंबलायला लागतो. त्याला गप्प करायला अँटिमनी घालतात. व्हॅनेडियम म्हणजे घरभेदी. रीजनरेटरच्या वाफेत त्याचं व्हॅनेडिक ॲसिड होतं आणि ते एका कणावरून दुसऱ्या कणावर फिरत सगळीकडे सांगाडा खातं, जोडीला सोडियम असला की बघायलाच नको. एकदा क्रूड बदललं तेव्हा तीन आठवड्यांत ॲक्टिव्हिटी घसरताना बघितलीय, नवा माल टाकून टाकून स्टोअरवाल्याने माझ्याशी बोलणं सोडलं होतं.

यावर उपाय रेअर अर्थ, लँथेनम, सेरियम. वाय मधल्या छोट्या, सोडलाइट पिंजऱ्यात जाऊन बसतात आणि ॲल्युमिनियमला धरून ठेवतात. पण फार घातले तर ॲसिडच्या जागा जास्त उरतात, पेट्रोल वाढतं पण ऑक्टेन पडतो. उचललं तर जड, ठेवलं तर चोर नेईल असला प्रकार.

अवांतर: पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात एन्सिलाइट नावाचा झिओलाइट काढला होता, नावातच एनसीएल आहे, तो झायलीन आयसोमरायझेशनसाठी इथे आपल्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीत लागला होता. तेव्हा परदेशी कॅटॅलिस्टच्या तोडीचा देशी माल म्हणून कॉलनीत पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं.

युरियावाला_ट्रान्सपोर्ट:
माझे सहा ट्रक आहेत बीएस-६ चे. मेकॅनिक म्हणतो सायलेन्सरमध्ये कॅटॅलिस्ट आहे आणि युरिया भरला नाही की गाडी लिंप मोडमध्ये जाते, जोरच धरत नाही. तो हाच झिओलाइट का?

खडूवाली_ताई:
चुलत भाऊ. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागलं, तुमच्या टाकीत ३२.५ टक्के युरियाचं पाणी असतं, गरम एक्झॉस्टमध्ये त्याचा अमोनिया होतो आणि कॅटॅलिस्टवर तो नायट्रोजन ऑक्साइडचा नायट्रोजन करतो. त्यात बहुतेक गाड्यांत तांबं घातलेला छोट्या खिडकीचा झिओलाइट असतो, एसएसझेड-१३, खिडकी फक्त ३.८ अँगस्ट्रॉम. आधी लोकांनी तांबं घातलेला झेडएसएम-५ वापरून बघितला, कामाला चांगला होता पण काजळीचा फिल्टर जाळताना तापमान ६०० च्या वर जातं, सोबत वाफ, तिथे तो मान टाकायचा. छोट्या खिडकीचं स्पष्टीकरण असं देतात की ॲल्युमिनियम सांगाड्यातून निघाला तरी त्याचा हायड्रॉक्साइड खिडकीतून बाहेर मावत नाही, आतच पडून राहतो आणि परत जागेवर बसू शकतो. घरातून रुसून निघाला पण दरवाजाच लहान.

युरियावाला_ट्रान्सपोर्ट:
म्हणजे स्वस्तातलं लोकल युरिया पाणी भरलं तर?

खडूवाली_ताई:
नका भरू. त्यात सोडियम, कॅल्शियम असतं, काकांनी वर सोडियमबद्दल काय लिहिलंय बघा. आणि डिझेलमधलं सल्फर पण तांब्यावर चढतं.

दगडधोंडा:
मी जिऑलॉजीवाला, मूळ गाव जळगावकडचं. तुम्ही सगळे झिओलाइट कारखान्यात बनवता पण आमच्याकडे विहीर खणताना निघतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात, त्यात नंतर गरम पाण्याने स्टिल्बाइट, हुलँडाइट, स्कोलेसाइट असे स्फटिक वाढले. लहानपणी सुरुंग लावला की आम्ही पोरं पळत जायचो, मोरपिशी-पांढरे, गुलाबी, पेढ्याच्या आकाराचे गठ्ठे मिळायचे, आजी ते तुळशीवृंदावनात मांडायची.

नावही स्टिल्बाइटवरूनच पडलं. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेटने दगड ज्योतीत धरला तर तो फेसाळून उकळल्यासारखा झाला, म्हणून ग्रीकमधून उकळणारा दगड.

आणि टिकाऊपणाचं म्हणाल तर निसर्गातलंच उदाहरण घ्या. हुलँडाइट आणि क्लिनोप्टिलोलाइट, दोघांचा सांगाडा एकच, फरक सिलिकॉनचा. ज्यात ॲल्युमिनियमच्या चौपटीपेक्षा जास्त सिलिकॉन तो क्लिनोप्टिलोलाइट, तो ४५० डिग्रीला रात्रभर ठेवा, उभा. हुलँडाइट तेवढ्यात कोसळतो. घर सारखं, वीट वेगळी.

शेवउसळ_प्रेमी:
तुळशीवृंदावनात कॅटॅलिस्ट! +१

मकरपुरा_लॅबवाला:
रिझल्ट आला. सिलिकॉनचा पीक २८.४४ ला, जागेवर. आमचा २३.७५. म्हणजे सरकलाय हे खरं. युनिट सेल २४.५५ निघतो, मूळ सोडियम वाय २४.६७ होता. @शंकासुर, धन्यवाद, आता निदान होल्डरवर कोणी ढकलणार नाही.

शंकासुर:
मान्य. शंका मागे.

खडूवाली_ताई:
छान, आता हिशोब करू. वाय मध्ये एका युनिट सेलमध्ये सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम मिळून १९२ जागा असतात. युनिट सेलवरून ॲल्युमिनियम किती हे काढायचं एक जुनं सूत्र आहे, सेलमधून २४.१९१ वजा करा आणि ११५.२ ने गुणा. मूळ मालात ५५ ॲल्युमिनियम, म्हणजे सिलिकॉन-ॲल्युमिनियम रेशो अडीच. हेल्परच्या बॅचमध्ये ४१, रेशो ३.६. म्हणजे प्रत्येक सेलमधून १४ ॲल्युमिनियम सांगाडा सोडून गेले, आणि तरी सांगाडा उभा.

कारण ते झाकण. पोहे करताना काय करतो? परतून झाले की झाकण ठेवून एक दणकून वाफ आणतो. तुमच्या हेल्परने तेच केलं. जाड थर, वर झाकण, त्यामुळे पावडरमधलं पाणी आणि अमोनिया बाहेर पळू शकले नाहीत, पावडरीत घुटमळत राहिले. त्या वाफेत ॲल्युमिनियम हळूहळू बाहेर पडला आणि महत्त्वाचं म्हणजे त्याच वाफेत सिलिका सरकून रिकाम्या भोकांत जाऊन बसली. सिलिकॉन-ऑक्सिजनचा बंध आखूड, म्हणून सेल आकसला आणि पीक उजवीकडे गेला. तुम्ही पसरट डिशमध्ये केलं तिथे वाफ लगेच उडून गेली, ॲल्युमिनियम जवळपास सगळा जागेवर राहिला, प्रोटॉन भरपूर, म्हणजे शुद्ध हायड्रोजन वाय. दिसायला आदर्श, पण महा नाजूक. त्याला दमट हवा लागली की साध्या तापमानाला सुद्धा पाणी त्या ॲल्युमिनियमच्या बंधांवर चढतं आणि सांगाडा ढासळायला लागतो, कारण भोकं बुजवायला सिलिका सरकावी एवढी उष्णता तिथे नसते. गाठ मारलेल्या पिशवीत तीन आठवडे बडोद्याचा जुलै. धुण्याचा काही संबंध नाही.

आणि हे काही नवीन नाही. १९६७-६८ च्या सुमारास ग्रेस कंपनीच्या मॅकडॅनियल आणि माहर यांनी हजार डिग्रीला टिकणारा वाय दाखवला, त्याला अल्ट्रास्टेबल वाय, यूएसवाय म्हणतात. त्याच काळात मोबिल कंपनीच्या जॉर्ज कर यांनी दाखवलं की तीच पावडर, तीच भट्टी, पण पातळ थर आणि जाड थर यात दोन वेगळे पदार्थ निघतात. तुमच्या लॅबमध्ये तोच प्रयोग न ठरवता परत झाला.

निवृत्त_रायझर:
ताई, पोह्यांची वाफ! मी तीस वर्षं ट्रेनींना हे समजवायला फळ्यावर रेघा मारत होतो.

मगर_विश्वामित्रीची:
हेल्परला प्रमोशन द्या.

मकरपुरा_लॅबवाला:
मी दोनदा वाचलं. म्हणजे रिजेक्ट केलेली बॅच यूएसवाय आहे?

खडूवाली_ताई:
अर्धवट यूएसवाय. पूर्ण नाही. दोन गोष्टी राहिल्यात. एक, तीनदा एक्स्चेंज करूनही थोडा सोडियम सोडलाइटच्या छोट्या पिंजऱ्यांत अडून बसलेला असतो, पण तापवल्यावर तो बाहेरच्या बाजूला येतो, म्हणून आता परत एकदा एक्स्चेंज करा, या वेळी निघेल. दोन, बाहेर पडलेला १४ ॲल्युमिनियमचा राडारोडा पिंजऱ्यांतच पडलाय. सगळा वाईट नसतो, थोडा शेजारच्या ॲसिड साइटला जास्त जोर देतो असं मानतात, पण फार असला तर वाटा बुजतात. सायट्रिक ॲसिडने हलक्या हाताने धुवा. जोरात धुतलं तर सांगाड्यातलाही जाईल. जमलं तर ॲल्युमिनियमचं एनएमआर करा, चुंबकात ठेवून अणू कुठे बसलाय ते सांगणारी टेस्ट, तिच्या ग्राफवर ६० पीपीएमला सांगाड्यातला, शून्याजवळ राडारोडा, एका नजरेत कळतं.

शंकासुर:
माझी शंका संपत नाही. अल्ट्रास्टेबल म्हणजे कशालाही स्टेबल का? आमच्या प्रोजेक्टमध्ये भुशापासून काही बनवतात, २०० डिग्रीच्या पाण्यात, प्रेशरखाली. तिथे यूएसवाय घातला तर काही तासांत लगदा झाला होता, आणि विक्रेता म्हणत होता हा सगळ्यात टिकाऊ ग्रेड आहे.

खडूवाली_ताई:
विक्रेत्याचं खरं आहे आणि तुमचंही. ‘टिकाऊ’ हा शब्द एकटा वापरताच येत नाही, कशासमोर टिकाऊ ते आधी विचारायचं. वाफेसमोर कमकुवत जागा म्हणजे ॲल्युमिनियम, म्हणून तो कमी केला की टिकाव वाढतो. उकळत्या द्रव पाण्यात, म्हणजे १५०-२०० डिग्रीला प्रेशरखाली, हल्ला सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन बंधावर होतो, आणि वाफेच्या उपचाराने जिथे जिथे टोकं मोकळी सुटलेली असतात तिथून तो सुरू होतो. म्हणून तिथे जास्त सिलिकावाला वाय उलट लवकर कोसळतो. त्याच पाण्यात झेडएसएम-५ आरामात राहतो, त्याचा सांगाडा घट्ट आणि टोकं कमी.

निवृत्त_रायझर:
झेडएसएम-५ पण अमर नाही हो. आम्ही प्रॉपिलीन वाढवायला एफसीसीत त्याचं ॲडिटिव्ह टाकायचो, त्यावर फॉस्फरस चढवलेला असतो, नाहीतर रीजनरेटरच्या वाफेत तोही ॲल्युमिनियम सोडतो.

दगडधोंडा:
एक भाबडा प्रश्न. ॲल्युमिनियम काढून मजबूत होतो तसं सिलिकॉन काढून काय होतं?

खडूवाली_ताई:
भाबडा नाही, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यावर ढीगभर काम झालंय. झेडएसएम-५ ला पातळ कॉस्टिकमध्ये, ०.२ मोलरच्या आसपास, ६५ डिग्रीला अर्धा तास ठेवला की सिलिकॉन विरघळतो आणि स्फटिकात मोठी भोकं पडतात, मोठ्या रेणूंना आत यायला हमरस्ता. गंमत अशी की इथे ॲल्युमिनियम पहारेकरी असतो, त्याच्या ऋण भारामुळे कॉस्टिक त्याच्या शेजारचा सिलिकॉन सहज नेऊ शकत नाही. म्हणून रेशो २५ ते ५० असेल तर छान भोकं पडतात, त्याहून जास्त ॲल्युमिनियम असेल तर काही होत नाही, आणि फारच कमी असेल तर सगळा स्फटिक चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा.

युरियावाला_ट्रान्सपोर्ट:
मला एवढं कळलं की लोकल युरिया नको आणि झाकण ठेवायचं.

शेवउसळ_प्रेमी:
घरात या झिओलाइटचा काही उपयोग?

निवृत्त_रायझर:
कपडे धुण्याच्या पावडरीत असतो, पाण्यातलं कॅल्शियम धरायला. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्ये असतो, तो हवेतला नायट्रोजन धरतो आणि ऑक्सिजन पुढे सोडतो, आणि ओल लागली की तोही बसतो. एक प्रयोग बाकी मी प्रत्येक नव्या पोराला करून दाखवायचो. नीट सुकवलेले मोलेक्युलर सीव्हचे, म्हणजे झिओलाइटचेच, चार-पाच मणी ओल्या तळहातावर ठेवायचे. एका सेकंदात चटका बसतो, मणी पाणी शोषताना एवढे तापतात. जास्त घेऊ नका, फोड येतो, आणि तोंडात तर अजिबात नाही, एका शहाण्याने घातला होता.

मकरपुरा_लॅबवाला:
अपडेट. उशीर झाला, गणपती आले होते मधे.

तीन छोट्या बॅचेस केल्या, एकाच लॉटमधून. एक पसरट डिशमध्ये, एक अर्धं क्रुसिबल उघडं, एक काठोकाठ झाकण ठेवून. अमोनियाचा वास असा होता की फ्यूम हूड असून डोळ्यांत पाणी. तिघांचं एक्सआरडी त्याच दिवशी केलं आणि मग तिन्ही मुद्दाम उघड्या वाट्यांत दहा दिवस टेबलावर. ताई म्हणाल्या तसंच झालं. पातळवाली पहिल्या दिवशी मस्त आणि दहाव्या दिवशी खचलेली. काठोकाठवाली जशीच्या तशी, सेल २४.५५ च्या आसपासच. अर्धवटवाली मधे कुठेतरी.

मग जुनी रिजेक्ट बॅच परत एक्स्चेंज केली, सायट्रिकने धुतली आणि गिऱ्हाइकाला दोन्हीचे आकडे देऊन विचारलं. त्याने तीच मागितली, वर म्हणाला पुढच्या वेळीही अशीच द्या. साहेबांनी लाल पेनाचं वाक्य खोडलं नाही, खाली काळ्या पेनाने ‘रीचेक्ड, ओके’ लिहिलं. आमच्याकडे एवढंही खूप.

निवृत्त_रायझर:
काळं पेन म्हणजे माफीच समज. मी तर पेन्सिलीचीही बघितलेली नाही.

खडूवाली_ताई:
शाब्बास. लॉगशीटमध्ये आता तापमान आणि वेळेच्या शेजारी थराची जाडी आणि झाकण आहे की नाही असे दोन कॉलम टाका. आणि हेल्परला विचारलंत का, त्याने काठोकाठ का भरलं होतं?

मकरपुरा_लॅबवाला:
विचारलं. म्हणाला, दोन डिश लावल्या असत्या तर दोनदा फर्नेस चालवावी लागली असती आणि ५.४० ची बस चुकली असती. आणि झाकण कशाला, तर पंख्याने पावडर उडते, मग झाडू त्यालाच मारायला लागतो.

कॉलम टाकलेत. काल त्याने पहिली एन्ट्री केली.

शंकासुर:
मिलिमीटरमध्ये लिहिलीय ना?

मकरपुरा_लॅबवाला:
“दोन बोटं, झाकणासकट.”